तिसऱ्या हाकेला ओ

दिवे लागल्यावर बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असा आमच्या घरात आईचा कायदा होता. दुसऱ्या हाकेलाही नाही. हाकामारी म्हणजे माणसाला बोलावून नेणारी हडळ, ती ओळखीच्या आवाजात, आपल्याच नावानं बोलावते, पण तिला तिसऱ्यांदा हाक मारता येत नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारेल, वर दोन शिव्याही घालेल. त्यामुळे आमच्याकडे येणारे पाहुणे अंगणात उभे राहून घसा फोडायचे आणि आम्ही दोघं भावंडं आत तोंडावर हात दाबून बसायचो. माझा मामा एकदा दुसऱ्या हाकेलाच वैतागून परत गेला. पुढं आई त्याला किन्हवलीच्या बाजारात भेटली तेव्हा म्हणाला, "बये, तुझ्या घरी यायचा तर बँडबाजा घेऊन येऊ काय?"

दुसरा कायदा असा, की दुसऱ्याच्या नावाला आपण ओ द्यायची नाही. हा मी एकदा मोडला. दादा मोहाच्या झाडावर चढून बसला होता आणि आई त्याला जेवायला हाका मारत होती. मी घरामागून त्याचा आवाज काढून "ओऽऽ" केलं. आई अशी धावत आली की मला वाटलं साप निघाला. फाडकन मुस्काटात दिली आणि लगेच पोटाशी धरलं. "दुसऱ्याच्या नावाला ओ दिली का त्याच्या जागी आपल्याला जावा लागतो. कळला काय गो?" कळलं काय डोंबल! गाल चुरचुरत होता तेवढं कळलं.

तिसरा कायदा तर सगळ्यांच्याच घरी असतो. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही.

हे तीन कायदे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मधेच थांबून समजावत बसायचा मला कंटाळा आहे. माझं तोंड जरा तिखट आहे असं लोक म्हणतात. लोकांना काय, गोड बोलणाऱ्या बाईकडून कामं फुकट करून घ्यायची सवय असते.

माझं काम म्हणजे हाका मारणं. मुरबाडला शेतकरी बायकांचा एक गट आहे. नवा तांदूळ, नाचणीचं पीठ, मध, उन्हाळ्यात करवंदं, असं सगळं त्या शहरातल्या गिऱ्हाइकांना विकतात. माल तयार झाला की सगळ्या गिऱ्हाइकांना मेल जाते, आणि ती मी पाठवते. खताच्या दुकानामागं एक खोली आहे, तिथं बसून. संध्याकाळी घरी येते तेव्हा माझ्या ओढणीलासुद्धा युरियाचा वास असतो. आमचा पाडा डोळखांबच्या बाजूला. सकाळी एसटीनं किन्हवली, तिथून पुढं मुरबाड, आणि दिवेलागणीला परत.

हे काम सुरू केलं ते दादानं. तो कॉलेज शिकला होता, बोलघेवडा होता, आणि बायकांना म्हणायचा, "तुमी फक्त भात पिकवा, हाळी मी देतो." मला शिकवलं तेही त्यानंच. मेल जगाला पाठवण्याआधी स्वतःला पाठवून बघायची, हा त्याचा नेम. म्हणून यादीत सगळ्यात वर त्याचा स्वतःचा पत्ता. "आधी घरच्याला हाक मार, त्यानं ओ दिली तर मग गावाला." मी मेल सोडली की शेजारच्या खुर्चीवरून तो मोठ्यानं "ओ!" म्हणायचा. बायका हसून लोळायच्या.

मग तो गेला. भांडण काय, तर लग्नाचं. आईनं मुलगी बघून ठेवली होती, याला ती नको होती. आई हट्टी, हा तिच्याहून हट्टी. तिन्हीसांजेला पिशवी खांद्याला लावून तो अंगणातून निघाला. आई उंबऱ्यावर उभी होती, मी तिच्या मागं. ती तोंड उघडायची आणि मिटायची. मला दिसत होतं की हाक तिच्या गळ्यापर्यंत आली आहे. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. तो करवंदीच्या जाळीपाशी वळला आणि दिसेनासा झाला.

"येल आठ-पंधरा दिसानं," आई म्हणाली.

नाही आला. फोन आधी बंद लागायचा, मग हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणून बाई सांगायला लागली. पोलिसांत फोटो दिला. शहापूरच्या एसटी स्टँडवर ये-जा करणाऱ्यांना फोटो दाखवत आई उभी राहिली, तेही बघवायचं नाही. मित्र म्हणाले, आम्हाला सांगून नाही गेला. आईला एकच गोष्ट खात होती. "मी हाक मारली असती तर वळला असता," असं ती भाकरी थापताना म्हणायची, गाईचं दूध काढताना म्हणायची, कुणी ऐकायला नसलं तरी म्हणायची. एकदाच तिची हाक त्याच्यापर्यंत पोचावी, एवढंच तिला या जगाकडून हवं होतं. मलाही तेच हवं होतं, आणि हाका मारायचं यंत्र माझ्याकडं होतं.

त्याच्या मागं गटाचं काम माझ्या गळ्यात आलं आणि पहिल्याच हंगामात बोंब झाली. मेल सोडली की परत येणाऱ्या मेलींचा ढीग. बायकांनी त्यांना नावच पाडलं होतं, माघारणी. माहेरी आलेल्या लेकीसारख्या गेल्या वाटेनं परत येतात म्हणून. मी खोलीत शिरले की विचारायच्या, "आज किती माघारणी आल्या गो? चहा टाकू काय?"

चहा टाका! निम्म्या माघारणी त्यांच्याच कर्तृत्वाच्या होत्या. शहरातल्या प्रदर्शनात स्टॉल लावला की गिऱ्हाईक आपला पत्ता तोंडी सांगायचं आणि या वहीत लिहायच्या, मराठीत. मग मी ते इंग्रजीत करायचं. बेडेकर की बेदेकर, देव जाणे. आणि गिऱ्हाईक "अ‍ॅट द रेट" म्हटलं की आमची एक मावशी हात थांबवायची. रेट म्हणजे भाव, एवढं तिला पक्कं ठाऊक. गिऱ्हाईक भाव विचारतंय असं समजून ती प्रामाणिकपणे पत्त्याच्या मधोमध तांदळाचा किलोचा भाव लिहायची. पानंच्या पानं! मी कपाळाला हात लावला. मावशी म्हणाली, "मंग आमी काय, भाव लपवायचा?"

यंत्रणेची कंपनी, म्हणजे ज्यांच्यामार्फत आमच्या मेली सुटतात ती, तिनं इशारा पाठवला. तुमच्या एवढ्या मेली परत येतायत, हे असंच चाललं तर तुमचं खातं बंद करू. नवं भात झोडून तयार होतं. खातं बंद म्हणजे तांदूळ बायकांच्या घरात आणि गिऱ्हाईक शहरात, मधे कुणी नाही. मी ओढणी कमरेला खोचली. वही बंद केली. गिऱ्हाइकानं आपला पत्ता स्वतःच्या बोटानं मोबाईलवर टाकायचा, मग त्याला एक मेल जायची, "आम्ही हाक मारली तर चालेल ना?" तिथं तो हो म्हणाला तरच यादीत. बायकांना हे आवडलं. म्हणाल्या, हे म्हणजे बरं, आधी इचारून मग जायचा.

आणि माघारणींचे दोन प्रकार शिकले. एक मऊ. घर आहे, माणूस आहे, पण आत्ता दार उघडत नाही. पेटी भरलेली असेल, तिकडचं यंत्र झोपलं असेल. अशा दारात यंत्रणा थोड्या वेळानं पुन्हा जाते, पुन्हा हाक मारते, आणि काही वेळा करून थकली की माघारी येते. दुसरा प्रकार कडक. असं घरच नाही, असा माणूसच नाही. तिथं पुन्हा जायचंच नसतं. तो पत्ता लगेच काढून टाकायचा. मेलेल्या दारात हाका मारणारा माणूस गावात कुणाला आवडत नाही, तसंच आहे हे.

दादाचा पत्ता मऊ होता. पहिली दोन-अडीच वर्षं एकच उत्तर यायचं, पेटी भरलेली आहे. आई रोज विचारायची. मी चपला काढायच्या आत, "काय बोलला?"

"पेटी भरलीय म्हणतो."

"भरली म्हंजे हाय," आई म्हणायची. "नसलेल्या कणगीत कोण भात भरतो काय?"

तिचं म्हणणं मला खोटं म्हणता यायचं नाही. मी तरी वेगळं काय करत होते? ती माघारीण यायची तेव्हा मला बरं वाटायचं. दारापर्यंत जाऊन तरी आली.

मग एका दिवाळीच्या सुमाराला उत्तर बदललं. असा कुणी इथे नाही. मी ते वाचलं आणि खुर्चीतच बसून राहिले. मावशीनं खरंच चहा टाकला.

आईला सांगितलं. लपवून काय करायचं, तिला माझा चेहरा वाचता येतो. ती जात्यापाशी बसली होती. म्हणाली, "तिथं नाय, तर मंग कुठं हाय इचार."

"आई, ते यंत्र आहे. त्याला विचारता येत नाही."

"मंग हाक मारत रहा. मी मागून मारली नाय. तू पुढून तरी मार गो."

यंत्रणा असे पत्ते आपोआप बाजूला टाकते. ती टाकायची, मी हातानं परत घालायची. बाकीच्या सगळ्या मेलेल्या पत्त्यांना मी बिनदिक्कत वाट दाखवली होती, आणि सगळ्यात वर हा एक ठेवला होता. मला कुणी नियम सांगायला आलं असतं तर मी त्याला खताच्या गोणीवर बसवून चार शब्द सुनावले असते. वर्षभर हे असं चाललं. मी हाक मारायची, उत्तर यायचं, असा कुणी इथे नाही. दर वेळी तेच, तेवढ्याच शब्दांत.

आणि मग एक दिवस उत्तर आलंच नाही.

त्या सकाळी नव्या तांदळाची मेल सोडली होती. मी माघारणींची वाट बघत बसले. एकही नाही. मी पडदा वरखाली केला. दादाच्या पत्त्यासमोर लिहिलं होतं, पोचली.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आनंद व्हायला हवा होता ना? झालाही असेल, पण आधी काटा आला, हे खरं आहे ते सांगते. बाहेर दुकानात कुणीतरी गोणी आपटली तर मी किंचाळले. बायका हसायला लागल्या.

मी पुन्हा एक मेल पाठवली, नुसत्या त्याच्यासाठी. "दादा?" एवढंच. ती पोचली. उत्तर नाही. उघडल्याची खूणही नाही. दुसरी पाठवली, तीही पोचली. डोहात दगड टाकावा आणि बुडल्याचा आवाजच येऊ नये, तसं.

त्या संध्याकाळी चपला काढायच्या आत आईनं विचारलं, "काय बोलला?"

"काय नाय. आज परत नाय आली."

आईनं हातातली कढई खाली ठेवली. "घेतली?"

"घेतली."

तिनं त्या दिवशी नाचणीचे लाडू वळले, त्याला आवडतात म्हणून. रात्री जेवताना तिसरं ताट मांडलं.

पुढं ती रोज मला निरोप सांगायला लागली. गाय व्यायली म्हणून कळव. लग्नाचा नाव काढत नाय म्हणून कळव, त्या मुलीला दोन पोरं झाली. मी आपली तिच्या शब्दांत टाइप करायची आणि सोडायची. सगळ्या पोचायच्या. एकीलाही उत्तर नाही.

आणि आईनं आपले कायदे मोडायला सुरुवात केली. दिवे लागल्यावर दार उघडं ठेवायला लागली. जिनं आम्हाला जन्मभर तिसऱ्या हाकेपर्यंत थांबवलं, ती आता कशालाही ओ द्यायची. कुडाच्या कारव्या वाऱ्यानं वाजल्या, "ओ." पिंगळा बोलला, "ओ." मी मोरीत बादली ठेवली तरी बाहेरच्या बाजूला तोंड करून, "ओ, आले रे." मी म्हणायची, आई, कुणी नाही. ती माझ्याकडं अशी बघायची की मीच परकी. शेजारची काकू एकदा हळूच म्हणाली, "तुझ्या आईला कोनतरी बोलवतंय गो. लक्ष ठेव." मी तिच्यावर खेकसले. आणि घरी आल्यावर दाराला आतून कडी घातली. आईनं ती काढली.

एका संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आले तर दार उघडं. देवापाशी दिवा जळत होता. चुलीवर भात शिजून करपायला आला होता. आईच्या चपला उंबऱ्यावर होत्या आणि आई नव्हती. मी हाका मारत सुटले. काकू अंगणातून म्हणाली, "वहळाकडं गेली. कोनाशी तरी बोलत गेली, मला वाटला तूच हाईस बरोबर."

मी पळाले. भात कापून झालेलं, खाचरांत नुसती खुंटं, पायाला टोचत होती. आजोबा नावाच्या डोंगरावरचा उजेड जात आला होता. खाली ओढ्यात डोह आहे, आमच्याकडं गुरंसुद्धा त्या काठाला नेत नाहीत. आई त्या पाण्यात उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मान एका बाजूला कलती, काहीतरी ऐकत असल्यासारखी.

"आई!"

ती वळली नाही. मी पाण्यात शिरले, दंड धरला. पाणी गार होतं आणि तिचा दंड त्याहून गार.

"हाक आली गो," ती म्हणाली. "त्याचाच आवाज. अजून पुढं ये म्हनतो."

"किती वेळा मारली हाक?"

ती थांबली. बोटावर मोजलं. "एकदाच."

मी तिला ओढत बाहेर काढलं. वाटेत मी रडत होते आणि तिला शिव्याही देत होते. असल्या वेळी माझी जीभ गप्प बसत नाही. ती मात्र शांत चालत होती, अनवाणी, खुंटांवरून.

दुसऱ्या दिवशी मुरबाडला गेले तर तिथं वेगळाच गोंधळ. गिऱ्हाइकं फोन करत होती, तुमची तांदळाची मेलच आली नाही. आली होती, पण सगळ्यांच्या स्पॅमच्या कोपऱ्यात जाऊन पडली होती. गंमत बघा. ज्या हंगामात माझी एकही मेल परत आली नाही, यंत्रणेनं मला शाबासकीची हिरवी खूण दिली, त्याच हंगामात आमची हाक कुणाला ऐकू जाईना झाली. बायका तोंडाकडं बघायला लागल्या. मी यंत्रणेच्या कंपनीला फोन लावला. तिकडं एक मुलगा होता, अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलणारा. मी आधी त्याच्यावर ओरडून घेतलं. त्यानं ऐकून घेतलं, बिचाऱ्याला रोजची सवय असणार.

मग म्हणाला, "मॅडम, यादीत एखादा असा पत्ता आहे का, जो आधी मेलेला होता आणि आता मेल घेतोय?"

मी म्हटलं, का?

"तो ट्रॅप असू शकतो. लोक पत्ता सोडून देतात ना, मग मेलबॉक्सवाले तो बंद करतात. वर्षभर येईल ती मेल परत फिरवतात, इथे कुणी नाही म्हणून सांगतात. शहाण्यानं तेवढ्यात काढून टाकायचा. मग तोच पत्ता पुन्हा उघडतात. कोणा माणसासाठी नाही हां. आत कोणी नसतं. फक्त बघायला, की मेलेल्याला अजून कोण हाका मारतंय. जो मारतो त्याच्या सगळ्या मेली संशयात जातात."

"पण मेल घेतो तो. पोचली म्हणून येतं."

"घेणारच, मॅडम. न घेतला तर तुम्ही थांबाल ना."

मी खताच्या गोणीवर बसले. तो पुढं म्हणाला, नक्की कुठला पत्ता ते कुणी सांगत नाही, सांगितलं तर सापळा कसला? पण तुमचं जे वर्णन आहे त्यावरून तोच असणार. काढा आणि थोडे दिवस ज्यांनी हो म्हटलंय त्यांनाच पाठवा, हळूहळू सुधारेल. मी आभार मानले नाहीत. मानायला हवे होते, पण मी तसाच फोन ठेवला.

घरी गेले. आई ओटीवर बसली होती, पायांना खोबरेल लावत. तिनं विचारलं, "काय बोलला?"

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं, जसं त्या मुलानं सांगितलं तसंच. आत कुणी नाही. त्याच्या नावानं दुसरंच काहीतरी घेतंय. आपण हाक मारतोय का ते बघायला बसलंय. आई तेलाचा हात तसाच धरून ऐकत होती.

"हाकामारीच की," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"वर्सभर काय सांगत व्हता? इथं कोन नाय?"

"हो."

"तवा खरा बोलत व्हता." तिनं हात लुगड्याला पुसले. "आपनच नाय ऐकला. काढ त्याला तिथून."

मी मोबाईल काढला. पत्त्यावर बोट ठेवलं तर यंत्रानं विचारलं, नक्की काढायचं का? माझ्यानं पुढं होईना. आईनं विचारलं, कुठं दाबू? मी दाखवलं. तिनं दाबलं. यादीच्या वरचं त्याचं नाव गेलं आणि खालचं कुणातरी गिऱ्हाइकाचं वर सरकलं. मला एवढं रडू आलं की विचारू नका. आई रडली नाही.

पुढं गटाच्या मेली हळूहळू सुधारल्या, तांदूळ गेला, बायका पुन्हा माझी टिंगल करायला लागल्या. ते सगळं यथास्थित झालं. पण त्याच संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं आहे.

दिवे लागले तशी आई उठली. म्हणाली, "यंत्रानं लय मारल्या. आता मी तोंडानं मारते. तीन येळा. नाय ओ दिली तर दार लावू."

ती अंगणात उतरली, तो ज्या बाजूनं गेला त्या बाजूला तोंड करून. मी मागं उंबऱ्यावर. तिनं त्याच्या नावानं हाक मारली. एवढी मोठी हाक मी तिची कधी ऐकली नव्हती. वर्षानुवर्षं गळ्यात अडकलेली होती ती. करवंदीच्या जाळीत काही हललं नाही. शेजारच्या अंगणात काकू उभी राहिली होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली.

दुसरी हाक डोंगराकडून परत आली. आमच्याकडं तिथून आवाज परत येत नाही. मी त्याच घरात वाढले आहे, मला माहीत आहे. पण त्या दिवशी आला, आईच्याच आवाजात, जरा उशिरानं. पाड्यावरची कुत्री एकदम गप्प झाली.

आई थांबली. तिचे खांदे वर-खाली होत होते. मला कळलं, की ही तिसरी हाक मारेल, आणि कुणी ओ देणार नाही, आणि उद्या तिन्हीसांजेला ही पुन्हा त्या डोहात जाऊन उभी राहील. एकदाच आलेल्या हाकेला भुलून जाईल आणि या खेपेला मी एसटीत असेन.

तिनं तिसरी हाक मारली. आवाज फुटला होता.

"ओ," मी म्हणाले.

घरामागून नाही, त्याचा आवाज काढून नाही. तिच्या मागं, उंबऱ्यावर उभी राहून, माझ्याच आवाजात. तोंडून निघून गेल्यावर मला तो गाल आठवला आणि मी मार खायला तयार उभी राहिले.

आई वळली. सावकाश चालत आली. मारलं नाही. दिव्याच्या उजेडात माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, खोबरेलाचा वास आला. ती बघत राहिली, ओळखायचा प्रयत्न करत असल्यासारखी, किंवा काहीतरी ठरवत असल्यासारखी. जन्मल्यापासून ती मला गो म्हणत आली आहे.

"आलास रे?" तिनं विचारलं.

मी तिच्या खांद्यावरून बाहेर बघितलं. अंगणात कुणी नव्हतं. ती माझ्याकडंच बघत होती, आणि उत्तराची वाट बघत होती.

"आलो," मी म्हणाले, आणि तिला आत घेऊन दार लावलं.